सड्याच्या नोंदी: कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलंच नाही

प्रकल्प: राजापूर तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या सड्यांविषयी (सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार) उपलब्ध जैवविविधता नोंदी गोळा करणे, तपासणे आणि गावांच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांना (गावातले सजीव आणि त्यांविषयीचं लोकांचं ज्ञान टिपणाऱ्या वह्या) जोडणे.

५ मे २०२४

आज कामाला हात घातला. नवीन काही शोधायला निघण्याआधी, आजवर जे नोंदलं गेलंय ते एका जागी आणायचं ठरलं. जीबीआयएफ हा जगभरच्या सजीवांच्या नोंदींचा खुला साठा आहे, २००१ पासूनचा, कार्यालय कोपनहेगनला. तिथून तालुक्याच्या चौकटीतल्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या आणि यादी लावली. पानामागून पान पक्षीच. मग थोडी फुलपाखरं, थोड्या वनस्पती. कोळी, गोगलगायी, बुरशी यांची बोटांवर मोजण्याइतकी हजेरी.

हे आपल्या तालुक्यापुरतं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच साठ्यातल्या सुमारे ६२ कोटी ६० लाख नोंदी तपासल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त पक्ष्यांच्या निघाल्या. जगात पक्ष्यांच्या जाती साधारण ११ हजार, आणि आजवर नाव मिळालेल्या कीटकांच्या जाती १० लाखांच्या घरात. म्हणजे ज्यांचं सगळ्यात कमी माहीत आहे, त्यांच्याकडेच सगळ्यात कमी डोळे वळलेले.

दुपारी ठिपके नकाशावर टाकले. महामार्ग ६६ च्या दोन्ही अंगांना, राजापूर शहराभोवती आणि किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या जागी गर्दी. मधले सडे जवळजवळ कोरे. एका ठिकाणी मात्र एकावर एक नोंदींचा ढीग होता. झालंय असं की जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर फक्त 'राजापूर' एवढंच लिहिलेलं, आणि नंतर कोणीतरी संगणकात भरताना शहराचा मध्यबिंदू लावून दिला. बाजारपेठेत दलदलीतली वनस्पती उगवल्याचं दिसतंय ते त्यामुळे. शिवाय राजापूर नावाची गावं देशात किती तरी आहेत. अशा सगळ्या नोंदींना वेगळी खूण केली. काढून टाकल्या नाहीत, कारण वनस्पती खरी आहे, फक्त जागा कळत नाही.

१२ मे

आज बैठकीत विषय घेतला: माहितीत भोक आहे म्हणताना नेमकं कसलं भोक? २०१५ साली होर्ताल आणि सहकाऱ्यांनी सजीवांविषयीच्या ज्ञानातल्या सात उणिवा मांडल्या, प्रत्येकीला एकेका शास्त्रज्ञाचं नाव. जातीला नावच मिळालेलं नसणं ही लिनियसच्या नावाची. नाव आहे पण ती कुठे कुठे राहते ते ठाऊक नसणं ही वॉलेसच्या नावाची. पुढे प्रेस्टन (संख्या किती, घटते की वाढते), डार्विन (नातं कोणाशी), रॉंकियेर (अंगचे गुण आणि परिसंस्थेतलं काम), हचिन्सन (किती ऊन, किती पाणी सोसतं) आणि एल्टन (कोण कोणाला खातं, कोण कोणावर अवलंबून).

पहिलीचा आवाका सांगायचा तर २०११ साली केलेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर जिवाणू वगळता सुमारे ८७ लाख जाती असाव्यात, १३ लाख इकडेतिकडे. नाव मिळालेल्या त्याच्या चौथाईच्याही आत.

आमच्या गटातल्या एकाने विचारलं, "ताई, आपल्या सड्याला यातली कुठली उणीव लागू?" सातही लागू आहेत. पण गावाला थेट झळ बसते ती वॉलेसच्या उणिवेची. जमिनीचा निर्णय होताना प्रश्न एवढाच विचारला जातो की 'इथे काही आहे का?' त्याचं उत्तर नोंदींच्या यादीतून दिलं जातं, आणि यादीत नाही ते जमिनीवरही नाही असं धरलं जातं.

२६ मे

पावसाआधीचे रिकामे दिवस. नव्या मुलांना नोंदीतल्या शिस्तीचं महत्त्व सांगायचं होतं म्हणून रानपिंगळ्याची, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाची, हकिगत सविस्तर सांगितली. ती इथे लिहून ठेवते, कारण या प्रकल्पातल्या प्रत्येक रकान्यामागे ती आहे.

ब्रिटिश अधिकारी आणि पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पिंगळ्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने जमवले, त्यांतला शेवटचा १८८४ चा. मग शांतता. संग्रहालयांत एक नमुना मात्र उशिराचा होता: ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा, गुजरातमधल्या मांडवीचा, १९१४ सालचा. दक्षिण गुजरातमध्ये पक्षी विसाव्या शतकातही होता, असं त्यावरून धरलं गेलं. अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी कातड्यांची शिवण, भरण, जुन्या दुरुस्त्या हे सगळं तपासलं आणि दाखवून दिलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच होता. जुनी चिठ्ठी काढून त्यावर खोटी जागा आणि खोटी तारीख लावलेली. ही नोंद बाजूला सारून, फक्त विश्वासार्ह जागांवर भर देत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला गेले. तिथे पिंगळा उघड्या फांदीवर, दिवसाढवळ्या बसलेला मिळाला. ११३ वर्षांनी.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. २०१४ साली हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात नोंदला गेला. तानसा! मुंबईला पाणी देणारं तलावाचं जंगल, महानगरापासून काही तासांवर. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून याच शहरात आहे. तरी तिथला हा पक्षी एकविसाव्या शतकातलं दीड दशक उलटेपर्यंत कोणाच्या यादीत नव्हता. आणि हा पक्षी आहे, ज्या गटावर सगळ्यात जास्त माणसं नजर ठेवून असतात तो. मग सड्यावरच्या गोगलगायीचं काय?

यातून आमच्या तक्त्यात तीन रकाने सक्तीचे झाले: कोणी पाहिलं, कशावरून ओळखलं, पुरावा कुठे ठेवलाय. नाव लिहायला लाजणाऱ्या पोरांना सांगितलं की हे श्रेयासाठी नाही, उद्या कोणी शंका घेतली तर विचारायचं कोणाला, त्यासाठी आहे.

९ जून

पाऊस सुरू झाला. पहिल्या सरींनंतर सड्यावर गेलो. मे महिन्यात तापून काळा पडलेला कातळ, त्यावर पायाखाली खरखरणारे सुटे जांभ्याचे दगड. चार दिवसांत भेगांमधून हिरवं दिसायला लागलंय.

दगड उलटण्याची पद्धत सगळ्यांकडून पुन्हा करून घेतली. दगडाची पलीकडची कड धरायची आणि आपल्याकडे उचलायची, म्हणजे उघडी बाजू आपल्या पायांकडे येत नाही. रत्नागिरीत फुरसं किती, हे वेगळं सांगायला नको. खाली पाहिलं, फोटो काढला, की दगड होता त्याच खळीत, त्याच बाजूने परत बसवायचा. दगडाखालचा ओलावा हेच तिथल्या जिवांचं घर, आणि वाकडा ठेवलेला दगड दुसऱ्या दिवशी आतून कोरडा असतो.

एका पसरट दगडाखाली ती मिळाली: बोटभर लांबीची पाल, तपकिरी अंगावर पांढुरके आडवे पट्टे, शेपटी जाडसर. उजेड पडला तशी दगडाच्या सावलीत सरकली, पण पळाली नाही. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यावरून हिचं वर्णन केलं. दक्षिण कोकणच्या कातळांबाहेर ही पाल जगात कुठे माहीत नाही. घराच्या भिंतीवर चढणाऱ्या पालींच्याच वंशातली, पण हिचा सगळा संसार जमिनीवर, सुट्या दगडाखाली.

आजपासून नियम: ज्या दगडाखाली काही मिळालं नाही तोही मोजायचा. किती दगड उलटले, किती वेळ, ऊन की पाऊस. नुसतं 'पाल दिसली' या नोंदीवरून उद्या कोणाला ती वाढली की घटली हे सांगता येणार नाही. 'इतके दगड पाहिले, त्यात इतक्या' यावरून येईल.

२३ जून

धो धो पाऊस. सड्यावर नेटवर्क नाही, त्यामुळे मोबाइलवरचा फॉर्म बाजूला ठेवून छापील तक्ते आणि शिसपेन्सिल. शाई टिकत नाही.

१४ जुलै

सड्यावर आता सगळीकडे पाणी. कुठे वीतभर खोल डबकी, कुठे नखभर पाण्याचा नुसता पापुद्रा. गेंदांची, म्हणजे ओल्या कातळावर उगवणाऱ्या छोट्या रोपांची, पांढरी डोकी दिसायला लागलीत. सीतेच्या आसवांची निळी फुलं अजून तुरळक.

एका डबक्यापाशी बराच वेळ बसलो. पांढऱ्या वाटीत पाणी घेतलं तर कोळंबीसारखे दिसणारे, जवळजवळ पारदर्शक जीव, पोट वर करून उलटे पोहणारे. पायांच्या जोड्या एकामागून एक हलतात, तशी अंगातून लाट गेल्यासारखी दिसते. डबकं आटलं की हे मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या मातीत महिनोन् महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. सह्याद्रीतल्या अशा कातळडबक्यांमधल्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट २०१४ मध्ये, आणि त्या नावात सह्याद्रीच आहे. गुरं ज्या डबक्यांचं पाणी पितात त्यातला हा जीव. आमच्या डबक्यातले तेच आहेत की वेगळे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आम्ही लिहिणार नाही.

गेंदाचीही तीच गोष्ट. पांढरी गोल डोकी सगळी सारखी दिसतात. जात ठरते ती डोक्यातल्या मोहरीहूनही लहान फुलांवरून आणि बियांच्या कवचावरून. आयनॅचरलिस्ट या फोटोंवरून सजीव ओळखण्याच्या संकेतस्थळावर मुलांनी सुंदर फोटो चढवलेत, पण ओळख वंशापर्यंतच (जातीच्या वरच्या पायरीपर्यंत) येऊन थांबते, कारण फोटोत तेवढं दिसतच नाही. आणि तिथून जीबीआयएफमध्ये पुढे जातात त्या मुख्यतः जातीपर्यंत ओळख पक्की झालेल्या नोंदी. म्हणजे सोपं फूल जगाच्या साठ्यात पोचतं आणि अवघड फूल उंबऱ्यावरच राहतं. कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण परिणाम तोच. सड्याचं खरं वैशिष्ट्य असलेले गट, गेंद, गवतं, शेवाळं, हे नेमके अवघडांत मोडतात.

ठरवलं: गेंदाचे मोजके नमुने दाबून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवायचे आणि विद्यापीठातल्या वनस्पतीतज्ज्ञांना दाखवायचे. चिठ्ठीवर गाव, वाडी, सड्याचं स्थानिक नाव आणि अक्षांश-रेखांश. पुन्हा नुसतं 'राजापूर' नको.

११ ऑगस्ट

आज माणसांकडे गेलो. सड्यावर गुरं राखणाऱ्या एका काकांबरोबर सकाळ काढली. पाच-सहा दशकं याच कातळावर. देवगांडुळाचं (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर प्राणी) चित्र दाखवलं, काहीही न सुचवता. काका म्हणाले, "ह्यां गांडूळ न्हय. ह्येका तोंड असता. व्हाळाच्या कडेक, दगडाखाली, पयल्या मोठ्या पावसात." जागा, हंगाम, अधिवास, तिन्ही एका दमात. पुढच्या जूनमध्ये त्याच व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, जायचं. काकांचं म्हणणं आम्ही 'माहिती दिली, तपासणी बाकी' या खुणेने आजच तक्त्यात घेतलं, त्यांच्या परवानगीने.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती उजेडात आली ती गावोगावच्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून, सडे पायी धुंडाळून. विद्वानांच्या यादीत नव्हती तेव्हाही गावात ती ठाऊक होती. सजीवांच्या बाबतीत हीच वाट आपण का टाळतो, हा माझा जुना सल आहे.

दुपारी बायकांच्या बैठकीत वेगळंच हाती लागलं. गावाची जुनी नोंदवही चाळली होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा देशभर अशा वह्या घाईने भरल्या गेल्या. आमच्या गावच्या वहीत वनस्पतींचं पान पुरुषांना विचारून भरलेलं: साग, आंबा, काजू, किंजळ. रानभाज्यांची जागा रिकामी. आज बायकांनी बसल्या जागी फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं सांगितली. कोणती कुठल्या पाणंदीत, कधी खुडायची, कोणती आता मिळत नाही आणि कुठल्या खाणीपासून मिळत नाही, तेही. एक आजी म्हणाल्या, "आमका कोणी इचारूकच नाय." ज्याला विचारलं त्याचंच ज्ञान वहीत उतरतं. आमच्या गटात बायका आहेत म्हणून ही बैठक झाली. आणि रात्रीच्या पाहणीला आमच्यातल्या किती जणींना घरून निघता येतं, हाही त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. बेडकांच्या नोंदी पुरुषांनीच का केल्यात, ते यातून समजावं.

१५ सप्टेंबर

गणपतीत सड्यावरचं काम थांबलं, पण चाकरमानी मुलं घरी आलेली. मुंबईला संगणकावर काम करणाऱ्या दोघांनी छापील तक्ते भरून दिले आणि चुकलेले अक्षांश-रेखांश पकडले. गौरीसाठी तेरडा कुठून आणला, हे घरोघरी विचारून घेतलं. दर वर्षी त्याच तिथीला, त्याच सड्यावर बायका तेरडा आणायला जातात. बहर लवकर आला की उशिरा, हे त्यांना पाठ असतं. पुढच्या वर्षीपासून ही तारीखवार नोंद ठेवायची.

२९ सप्टेंबर

आज जे वाचलं त्याने डोकं तापलंय, तरी शांतपणे लिहिते.

शेजारच्या सड्यावर होऊ घातलेल्या एका कामाचा पर्यावरण अहवाल हाती आला. त्यातली सजीवांची यादी एका पानाची. पाहणी उन्हाळ्यातली. अहवालकारांनी नियमाबाहेर काही केलेलं नाही. अशा अहवालांसाठी बहुधा पावसाळा वगळून एकाच हंगामाची माहिती घेण्याची पद्धत आहे. हवा आणि पाण्याचं प्रदूषण मोजायला ते कदाचित चालत असेल. पण सड्याचं सगळं आयुष्य जून ते ऑक्टोबरमध्ये असतं. गेंद, सीतेची आसवं, डबक्यातले जीव, बेडूक, देवगांडूळ, यांतलं एकही एप्रिलमध्ये वर नसतं. त्या महिन्यात पाहणारा माणूस प्रामाणिकपणे 'विरळ गवत, तुरळक झुडपं' असंच लिहील.

त्यात जमिनीच्या कागदाची भर. सातबाऱ्यावर कातळ पोटखराब्यात. उपग्रहावरून केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खडकाळ जमिनीला स्वतंत्र वर्ग आहे, तोही पडीकच. आधी पडीक ठरवलं म्हणून कोणी पाहायला जात नाही, पाहिलं नाही म्हणून यादी कोरी, आणि यादी कोरी म्हणून पुन्हा पडीक. कास पठारही कातळाचंच आहे. तिथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या, २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं, कारण तिथे वर्षानुवर्षं पावसात जाऊन माणसांनी पाहिलं. आमच्या सड्यांवर कासइतकं आहे असा माझा दावा नाही. इथे तितकं पाहिलेलं नाही, एवढाच आहे.

१३ ऑक्टोबर

नकाशावरून आज गटात वाद झाला. सगळे ठिपके टाकल्यावर महाविद्यालयापासून जवळच्या सड्यावर सर्वाधिक जाती दिसतात. काहींचं म्हणणं, तोच 'सगळ्यात समृद्ध सडा' म्हणून गावसभेत मांडू, लोकांना पटेल. माझा विरोध. महाविद्यालयाची मुलं तिथे दर आठवड्याला जातात, दूरच्या सड्यावर हंगामात कधीतरी. १९९० मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या अमेझॉनबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं: वनस्पतींच्या प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात आढळणाऱ्या) जातींची जी केंद्रं म्हणून सांगितली जात होती, ती जिथे नमुने जास्त गोळा झाले त्या जागांशी जुळत होती. त्या केंद्रांवर हिमयुगातल्या जंगलांविषयीचे सिद्धांत उभे राहिले होते. आमच्या ठिपक्यांवर खाणीचे परवाने उभे राहतील. एका सड्याला समृद्ध म्हटलं की बाकीचे आपोआप मोकळे होतात.

शेवटी तीन रंग ठरले. हिरवा: पाहिलं आणि सापडलं. पिवळा: पाहिलं पण सापडलं नाही, सोबत किती वेळ पाहिलं ते. पांढरा: पाहिलंच नाही. प्रत्येक गटाचा वेगळा नकाशा, पक्षी वेगळे, गेंद वेगळे, पाली वेगळ्या, आणि पावसाळा-उन्हाळा वेगळा. पक्ष्यांचा नकाशा बराच भरलेला आहे. पावसाळ्यातल्या रात्रीचा जवळजवळ सगळा पांढरा. समृद्धीची तुलना करायची तर सारख्या वेळेच्या पाहण्यांतूनच, तोवर नाही.

८ डिसेंबर

ग्रामसभेत नकाशे भिंतीला लावले. पक्ष्यांच्या फोटोंपुढे गर्दी होईल असं वाटलं होतं, पण लोक पांढऱ्या तुकड्यांपाशी थांबले. प्रत्येकाला आपली वाडी तिथे दिसत होती. "आमच्या सड्यार कोण येवूक नाय तां खरां, पण पावसात या, दाखवतंय," असं दोन वाड्यांनी सांगितलं. सरपंचताईंनी थेट विचारलं, की या कोऱ्या जागांचा कागदावर उपयोग काय. उत्तर दिलं: जैवविविधता व्यवस्थापन समितीला कोणी विचारलं की इथे काय आहे, तर 'काही नाही' असं लिहून देऊ नका. 'या हंगामात, या गटासाठी पाहणी झालेली नाही' असं लिहा. ते खरंही आहे आणि त्यावर पाहणीची मागणीही करता येते.

समितीने ठराव केला. नोंदवहीत न पाहिलेल्या जागांचं स्वतंत्र पान राहील आणि दर वर्षी ते अद्ययावत होईल. रानभाज्यांचं पान बायकांची बैठक भरेल. कामाची वाटणीही झाली: काकांनी सांगितलेला व्हाळ जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, दोन वाड्यांचे सडे जुलैत, महाविद्यालयाजवळच्या सड्यावर जितका वेळ दिला तितकाच वेळ देऊन, रात्रीच्या पाहणीसाठी जीपची सोय, म्हणजे मुलींना परतीची काळजी नको. गेंदांचे नमुने जानेवारीत तज्ज्ञांकडे जातील. पर्यावरण अहवालावर हरकत नोंदवायचा मसुदा मी पंधरवड्यात लिहिते, सोबत पावसाळ्यातले तक्ते जोडून.